पाचवा बदाम

"टाक पत्ते, नमिते. सोळा चिंचोक्यांत काय खेळणार गो?" जितेशने आपल्या ढिगावरून हात फिरवला. त्याच्याकडे सत्तर होते.

नमिताने पत्ते छातीशी धरले. बदामाचा एक्का आणि बदामाची पंजी. शेवटचा डाव होता.

पेणच्या त्या गणपती कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पोकर रोजच चाले. पण आजची गोष्ट वेगळी होती. तीस वर्षं मूर्तींचे डोळे आखणाऱ्या जनूकाकांचा हात यंदा कापायला लागला होता. शेठ म्हणाले, "एक मूर्ती देतो, आखून दाखवा. कोणी, ते तुमचं तुम्ही ठरवा." चौघं पुढे झाली आणि दोन दिवस भांडली. शेवटी जनूकाकाच वैतागले. "पत्त्यांवर ठरवा. चाळीस-चाळीस चिंचोके घ्या. सुट्टी संपता ज्याच्याकडं जास्त, तो कुंचला धरील."

नमिता रोह्याहून रोज यायची. एकोणीस वर्षं ती गणपतींचे पीतांबर रंगवत होती. डोळे तिने घरी, जुन्या पुठ्ठ्यांवर आखले होते, हजारदा तरी. ते कुणाला ठाऊक नव्हतं.

चौघांनी दोन-दोन चिंचोके मध्ये टाकले. जनूकाकांनी कापऱ्या हाताने मध्ये तीन पत्ते उघडले. हे सगळ्यांचे. इस्पिकचा राजा, बदामाची दश्शी, बदामाची तिर्री.

नमिताने मनात मोजलं. चार बदाम झाले. अजून दोन पत्ते उघडायचे होते. एक बदाम आला की पाचांचा रंग, रांगेहून आणि तीन सारख्या पत्त्यांहूनही वरचढ, आणि एक्का तिच्याच हातात, म्हणजे तिच्याहून मोठा रंग कुणाचा असणार नाही.

जितेशने दोन चिंचोके लावले. इंदुबाईंनी भरले, अमोलने भरले. नमितानेही भरले.

चौथा पत्ता किलवरची नव्वी. आता बोली चारची. जितेशने चार टाकले, इंदुबाईंनी चार, अमोलने चार. नमिताकडे बाराच उरले होते.

तिला रोह्याचे शेजारी नथानियलकाका आठवले. मुलाकडे इस्रायलला जाईपर्यंत त्यांनीच तिला ओट्यावर हा खेळ शिकवला होता. "समोर एकटाच असला तर रंगाची वाट बघू नको, पोरी. पण तिघं भरत असतील तर थांब. बोली ठरलेली हाय, कोणी ढीग ओतून तुला डावातून उठवू शकत नाय. चारदा चुकशील, पाचव्यांदा तिघांचंही तुझ्याकडं येईल."

तिने चार चिंचोके पुढे सारले.

"येडी हाय!" जितेश म्हणाला.

जनूकाकांनी शेवटचा पत्ता उलटला. बदामाची अठ्ठी.

नमिताच्या कानात नुसता गरम वारा भरला. तिने चेहरा दगडासारखा ठेवला. जितेशने पुन्हा चार लावले. इंदुबाईंनी पत्ते फेकले. "माझं काय नाय बा!" अमोलने मध्यावरचे तीन बदाम बघून घाबरत चार भरले.

"आठ," नमिता म्हणाली आणि होते नव्हते तेवढे पुढे ढकलले.

जितेशने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि चार वाढवले. "बघू तर!"

आता अमोल. नमिताने झरझर हिशेब केला. अमोलने पत्ते टाकले तर मधले बावन्न तिचे, पण जितेशकडे चोपन्न उरतात. डाव जिंकूनही कुंचला त्याचाच. भर, अमोल, भर रे! तिने ओठ घट्ट मिटले.

अमोलने पत्ते टाकायला उचलले. पुन्हा खाली ठेवले. डोकं खाजवलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "रांग हाय माझी. अशी कशी टाकू?" चार चिंचोके टपटप पडले.

जितेशने तीन राजे दाखवले. अमोलने सत्तीपासून गुलामापर्यंत रांग. नमिताने एक्का आणि पंजी हळूच ठेवली.

"बदाम! पाच बदाम गो बाय!" इंदुबाई ओरडल्या आणि तिला गदागदा हलवायला लागल्या. चिंचोके दोनदा मोजले. नमिता छप्पन्न, जितेश चोपन्न.

"दोन चिंचोके!" जितेशने कपाळावर हात मारला. मग स्वतःच उठून मूर्ती खिडकीच्या उजेडात आणून ठेवली. "आख. आता वाकडं केलंस तर बघ."

जनूकाकांनी सर्वांत बारीक कुंचला तिच्या हातात दिला. नमिताने तो रंगात बुडवला. पहिली रेघ नाकाजवळून निघाली, वर गेली आणि कानाकडे अलगद संपली. दुसरा डोळा झाला, बुबुळं झाली, आणि मूर्ती एकदम त्या चौघांकडे बघायला लागली.

"व्हय," जनूकाका एवढंच म्हणाले.

कामाला सुरुवात झाली. नमिताने मागे वळून पाहिलं तेव्हा तिच्या रिकाम्या पाटावर जनूकाका बसले होते. रुंद कुंचला पिवळ्या रंगात बुडवून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, ते एका पीतांबराला पहिला हात देत होते.