झारीभर पाणी

झारी तिरकी करण्याआधी त्याने टब पायाने हळूच पुढे सरकवला. टबाचा तळ फरशीवर घासला तर आवाज होतो, म्हणून खाली जुन्या चादरीची घडी घातलेली होती. मग एक हात कमरेवर ठेवून, अगदी झाडाला घालावं तसं सावकाश, त्याने पाणी टबात सोडलं.

"जास्वंद झाली का?" खिडकीतून ताईचा आवाज आला.

"होतेय."

"बुंध्याशी घाल. पानांना आंघोळ नको."

"बुंध्याशीच घालतोय, ताई."

जास्वंद वाळून महिना झाला होता. समोर उभ्या होत्या त्या काटक्या, हात लावला की कट्‌कन मोडणाऱ्या. त्याने टब चार पावलं पुढे नेला, मोगऱ्याच्या काटक्यांपाशी. आवाजही पुढे सरकायला हवा होता. शेवटी भिंतीकडेचं लिंबू. लिंबू झालं की टबातलं पाणी परत झारीत ओतायचं, वर फळी झाकायची आणि उद्या पाच वाजता तेच पाणी पुन्हा.

ताईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. डोळे त्याआधीच गेले होते. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पण पलंगावर पडल्या पडल्या तिने या उन्हाळ्याच्या सुरुवातीला घर असं चालवलं होतं की थेंब वाया जायची बिशाद नव्हती. भाजी धुतलेलं पाणी मोगऱ्याला. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी जास्वंदीला. लिंबाच्या मुळाशी मडकं पुरलेलं, ते भरून ठेवायचं, म्हणजे पाणी झिरपत राहतं. आळ्यात वाळक्या पानांचा चार बोटं थर. नळाला आधी येणारं गढूळ पाणीसुद्धा वेगळ्या बादलीत. त्याला एखादी गोष्ट विसरायला झाली की ती म्हणायची, "पुस्तकात नाही वाटतं हे?"

मग नळ आठवड्यातून दोनदाच येऊ लागला, तोही चाळीस मिनिटं. पिंप तळाला गेलं. आणि ताईने ग्लास अर्धा प्यायला सुरुवात केली.

"उरलेलं लिंबाला घाल," ती म्हणायची, आणि ओठ मिटून घ्यायची.

डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं होतं, पाणी असंच कमी पडत राहिलं तर मूत्रपिंडावर येईल, मग आमच्या हातात काही नाही. त्या संध्याकाळी तो आयुष्यात पहिल्यांदा सलग दहा वाक्यं खोटं बोलला. मागच्या गल्लीत एक जुनी विहीर उपसली आहे, पाणी पिण्याजोगं नाही, पण झाडांना चालतं, हवं तेवढं नेऊ देतात. लिंबाची काळजी करू नकोस. मग ताईने ग्लास मागितला आणि पूर्ण प्यायली.

विहीर नव्हती. लिंबाचं पाणी आता ताईच्या पोटात जात होतं, आणि त्या एका खोट्याला तो रोज झारीने पाणी घालत होता. त्यापायी घराचं दारही बंद झालं होतं. समोरच्या घरात राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई तीनदा म्हणाल्या होत्या, मी बसते ताईंपाशी, तुम्ही जरा पाय मोकळे करून या. पण त्यांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? खिडकीतून बघून त्या पहिलं वाक्य बोलतील ते बागेबद्दलच. म्हणून तो प्रत्येक वेळी दारातूनच हात जोडायचा.

"बाइंडरकाका!"

तो दचकला. वाचनालयाच्या बाई घराच्या कडेच्या बोळातून थेट मागच्या अंगणात आल्या होत्या. त्यांनी झारी बघितली, टब बघितला, मग काटक्या बघितल्या. त्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना जवळजवळ ढकलतच बोळातून पुढच्या पायरीशी नेलं.

"तुम्ही ते पाणी..."

"काय काम काढलंत?"

"तेच. चारशे पुस्तकं आहेत, काका. हातात घेतलं की पाठ गळून पडते. पंधरा दिवस, दहा ते पाच. सोमवारपासून."

"मला नाही जमणार."

"ताईंपाशी कोणी बसलं तर? समोरच्या बाई मला म्हणाल्या..."

"त्या फार बोलतात."

वाचनालयाच्या बाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग बाहेरून माणूस बोलवावा लागेल. तो मशीनवर कडा कापतो आणि गोंदाने चिकटवतो. शिवण वगैरे नाही. मजकूर कापला जातो कधीकधी, पण काय करणार?"

त्याची बोटं एकमेकांवर घासली गेली, कागदाची जाडी बघावी तशी. त्या गेल्यावर फाटकाची कडी लावून तो अंगणात परतला आणि त्याने झारी उचलली.

"कोण होतं रे?"

"कोणी नाही. पत्ता विचारत होती."

"वाचनालयाचा?"

त्याने उत्तराऐवजी झारी तिरकी केली. पाणी टबात पडत राहिलं.

"वाळवी, ठेव ती झारी," ताई म्हणाली. "आत ये."

लहानपणी तो पुस्तकांत तोंड खुपसून बसायचा, तेव्हापासूनचं हे नाव. आता त्या नावाने हाक मारणारी ती एकटीच उरली होती. तो आत जाऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला.

"टब केवढा आहे?"

"कसला टब?"

"ज्यात तू रोज ओततोस तो. भरत आला की आवाज बारीक होत जातो. माती काही भरत येत नाही रे अशी."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. बोटांवर शिवणीच्या सुईचे जुने घट्टे होते. काम सुटून वर्ष झालं तरी गेले नव्हते.

"कधीपासून कळलंय?"

"पहिल्या दिवसापासून. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत."

"मग रोज पाचला हाका कशाला मारायचीस? जास्वंद झाली का, मोगरा झाला का?"

तिने चादरीची कड चिमटीत धरून सोडली, पुन्हा धरली.

"तू सकाळपासून या स्टुलावर. माझ्या श्वासांवर पहारा. म्हटलं, तेवढाच अर्धा तास बाहेर उभा राहील. वारा लागेल अंगाला."

दिवसातला तोच अर्धा तास त्याला सगळ्यांत जड जायचा. खोटं सांभाळता सांभाळता खांदे भरून यायचे. हे त्याने सांगितलं नाही.

"आणि पाणी? ते बरं प्यायलीस."

"तू समोर उभा राहायचास, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. न पिऊन सांगते कुणाला?" तिने चेहरा त्याच्याकडे वळवला. "लिंबू?"

"गेलं."

"कधी?"

"महिना होईल."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. "ऊन सरळ पलंगावर यायला लागलं तेव्हाच वाटलं होतं."

मग ताईनेच विचारलं, "किती आहे त्यात पाणी?"

"झारीभर. सहा-सात आठवडे झाले. आटलं की थोडी भर घालतो."

"झाकतोस ना?"

"फळी असते वर."

"मग गाळून आण. केसांना पाणी लागलं नाही किती दिवसांत. झाडांच्या नावाने राखून ठेवायला आता झाडं कुठे आहेत?"

बाइंडिंगची खळ गाळायचा मऊ कपडा त्याने कपाटातून काढला. झारीतलं आणि टबातलं, सगळं पाणी दोनदा गाळून घेतलं, थोडं कोमट केलं. पलंगाखाली बादली ठेवली आणि ताईचं डोकं अलगद पलंगाच्या कडेला घेतलं. जुनं पुस्तक उघडताना पाठीखाली तळवा धरतात तसा त्याने मानेखाली तळवा धरला. लहान असताना ती त्याचं डोकं खसाखसा घासायची आणि वर दटावायची, डोळे मीट. आता तिने न सांगताच मिटले होते.

"साबण नको," ती म्हणाली. "नुसतं पाणी."

तांब्याने तो थोडं थोडं घालत राहिला. करडे केस ओले होऊन त्याच्या मनगटाला चिकटले.

"मान सैल सोड, ताई."

"तुझीच आखडलीय. सोमवारी जा."

तांब्या मधेच थांबला.

"समोरच्या बाई बडबडतील दिवसभर. बडबडू देत, मला झोप लागेल. तो मशीनवाला कडा कापतो म्हणत होती ना ती?"

"तुला सगळंच ऐकू येतं."

"दुसरं काय करू?"

त्याने पुढचा तांब्या घातला, मग आणखी एक. झारीभर पाणी संपायला फार वेळ लागला नाही. त्याने केसांना पंचा गुंडाळला, डोकं उशीवर ठेवलं आणि बादली उचलली.

"फेकू नकोस हं ते," ताई म्हणाली. वर्षानुवर्षांची सवय. तो उंबऱ्यात थांबला.

मग तो बादली घेऊन अंगणात आला. डाव्या हाताला मोरी होती, समोर काटक्या. थोडा वेळ तो दोन्हींच्या मध्ये उभा राहिला. मग लिंबापाशी गुडघे टेकले, वाळकी पानं हाताने बाजूला केली आणि बादली तिरकी केली. माती आधी पाणी घेईना. धुळीचा पापुद्रा लेवून ते नुसतं वर तरंगत राहिलं. मग कुठूनतरी एक बुडबुडा आला, त्यामागून दुसरा, आणि आळ्याने घुटका घेतला.

खिडकीतून पलंगाची कुरकुर ऐकू आली.

"हां," ताई म्हणाली. "ही माती."

तो तसाच बसून राहिला. गुडघ्यांना ओल लागली होती.

"जास्वंदीला ठेवलंस का थोडं?"

त्याने बादलीत पाहिलं. तळाशी दोन ओंजळी पाणी होतं, त्यात एक लांब करडा केस.

"ठेवलंय," तो म्हणाला, आणि वाटेतला टब उचलून भिंतीशी पालथा घातला.