दोन वितींची फट

मी कठडा बोलतोय. रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडच्या गाड्यांचा धूर खात उभा असलेला लोखंडी कठडा. पिवळाकाळा रंग, माणसाच्या छातीइतकी उंची, वर टोकदार भाले. माझ्याकडे प्रेमाने बघणारा माणूस विरळाच. आज मात्र मला सगळं सांगून टाकायचंय, आणि घाईनेच सांगणार आहे.

माझा जन्म इथल्याच एका वेल्डरच्या दुकानात झाला. हाताचा पक्का माणूस. सांधा असा जोडायचा की शोधून सापडू नये. त्याची आई दुपारी डबा घेऊन यायची, गुडघे पार गेलेले तरी यायची. एकदा माझ्यावर हात ठेवून तिने विचारलं, "ह्याला धरून उभं राहता येईल का रे?"

"आई, हा धरायला नाही, अडवायला आहे," तो म्हणाला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी इथे कसा आलो, तेही ऐका. मला रोवणारे मजूर आपसात बोलत होते, त्यातून कळलं. पूर्वी इथे पांढरे पट्टे होते. अलीकडे घरं, पलीकडे भाजीबाजार आणि थोडी घरं. किती माणसं रस्ता ओलांडतात हे मोजायला कचेरीतून दोघे जण आले, छत्रीखाली खुर्च्या टाकून दिवसभर बसले. मोजणीत लबाडी नव्हती हो, फक्त दिवस चुकला. गर्दी नसली की मोजायला सोपं जातं, म्हणून साहेबांनी नेमका बाजाराच्या सुट्टीचा दिवस दिला होता. कागदावर आली चौदा माणसं. चौदा माणसांसाठी गाड्या कशाला थांबवायच्या? पट्टे खरवडले, मला रोवलं आणि चारशे पावलांवर बावन्न पायऱ्यांचा पूल बांधला.

मग हळूहळू सगळंच बदललं. समोरासमोर राहणाऱ्या दोघी जावा पूर्वी भाजी निवडायला एकत्र बसायच्या, त्या आता लांबून हात हलवतात. घड्याळजीकडे पलीकडचं गिऱ्हाईक येईनासं झालं, तो दुकान उचलून गेला. आणि गाड्या? मधे माणूस येणार नाही अशी चालकांची खात्री पटली, तशा त्या सुसाट सुटल्या. त्यांचा वारा लागला की माझे गज थरथरतात. खरं सांगतो, मला त्यांची भीती वाटते.

एका सकाळी कुणीतरी माझा एक गज कापून नेला. दोन वितींची फट पडली. दुखलं, पण मनातून मी सुखावलो. माणसं पुन्हा ये-जा करू लागली, मान वळवून, जीव मुठीत धरून.

त्यात वेल्डरची आईही होती. आधी पिशवी पलीकडे सरकवायची, मग आडवी होऊन स्वतः निघायची. मला घट्ट धरून म्हणायची, "थांब हं बाबा, मला सावरू दे." मुलाला सांगायची, पुलावरूनच जाते रे. त्याला काळजी नको म्हणून. गेल्या आठवड्यात पाववाल्याची गाडी तिच्या पदराला घासून गेली. टोमॅटो रस्ताभर झाले. ते तिने घरी सांगितलं नाही.

आज सकाळी नऊला ती फटीतून बाजारात गेली. दहाला तिचा मुलगा यंत्र घेऊन आला. कचेरीचा हुकूम होता, फट आजच बुजवा. सोबतच्या मदतनिसाला तो वैतागून म्हणाला, "लोकांना पूल बांधून दिला तरी शिरणार फटीतूनच. आमची आई बघ. गुडघे दुखतात, पण पुलावरून जाते."

मला ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला कुठला आलाय आवाज? ठिणग्या उडाल्या, नवा गज बसला, वर रंगाचा हात फिरला. काम नेहमीसारखंच चोख. मग रस्ता ओलांडून तो अलीकडच्या कडेला गेला आणि टेम्पोत सामान चढवू लागला.

आत्ता अकरा वाजलेत. ती परत आलीय. पलीकडचा अर्धा रस्ता तिने कसाबसा पार केला, माझ्यापाशी पोहोचली, पिशवी पुढे केली. पिशवी गजावर आपटली. तिने हाताने चाचपून पाहिलं. एकदा, दोनदा. फट कुठेच नाही.

माझ्या पायाशी जेमतेम वीतभर कड आहे, तिच्यावर ती उभी आहे. वर भाले, मागे गाड्या. परत फिरायला जागा नाही आणि पुढच्या चौकातला दिवा नुकताच हिरवा झालाय. ओला रंग तिच्या दोन्ही तळव्यांना लागलाय, तरी तिने मला सोडलेलं नाही. हाक मारतेय मुलाला, नाव घेऊन. गोंगाटात ती मलाही धड ऐकू येत नाही.

वाचणाऱ्या बाबांनो, पुन्हा कधी माणसं मोजायला बसलात, तर बाजार उघडा असेल त्या दिवशी बसा. माझं एवढंच मागणं होतं. पण आता तेही राहू दे. तो टेम्पोची दोरी आवळतोय, पाठ आमच्याकडे आहे, आणि तिचे हात ओल्या रंगावरून घसरायला लागलेत.

अरे, मागे वळून बघ. तुझी आई मला धरून उभी आहे.