घोडीजवळचा पिकअप

स्क्रूच्या डोक्यावर एक ओरखडा होता—ताजा, चकचकीत, तिळाएवढा. पण बाकीचे स्क्रू तीस वर्षांच्या घामाने काळवंडलेले असताना हा एकटाच का उजळावा? त्याने गिटार खिडकीकडे झुकवली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळचा पिकअप, तारांची थरथर पकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडणारी ती काळी पट्टी, जागच्या जागी होती. दिसायला तीच. पण दिसण्याचं काय, दिसायला तर डाग्याही तोच होता.

डाग्या म्हणजे त्याचा दुरुस्तीवाला मित्र. वाद्यांच्या आतल्या सुटलेल्या तारा सोल्डरने डागता डागता नावच पडलेलं. गिटार खरखरते म्हणून गेल्या आठवड्यात त्याच्याकडे टाकली आणि परत आली ती अशी… वाजत होती, पण आवाजातली धार, ती काच चिरत जाणारी धार कुठेतरी गेली होती. या पिकअपची कॉइल एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने गुंडाळलेली. म्हातारा गेला, आता तसला पिकअप शोधून मिळायचा नाही, आणि हे डाग्याइतकं कुणाला ठाऊक?

काल जाब विचारायला दुकानात गेला, तर डाग्याने आधी रेडिओ बंद केला. का?

"अरे, पिकअपला हात नाही लावला मी. आतली एक तार सुटली होती, तेवढी डागली."

अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून—पाठ करून ठेवल्यासारखा. खरं बोलणारा माणूस इतकं सावकाश बोलतो?

म्हणून आज सकाळी त्याने कपाटावरची दुसरी गिटार काढली. घडण तीच, पिकअप मात्र कारखान्यात घाऊक बनलेला. आपण वाजवताना आपलंच मन आपल्याला फसवतं… त्याने बायकोला हाक मारली.

"मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तू आधी एक वाजव, मग केबल काढून दुसरी. कुठली कोणती ते सांगू नकोस."

"मला कुठे कळतं त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच."

तिने तार छेडली. थांबली, केबल बदलली, पुन्हा छेडली. त्याने श्वास रोखून ऐकलं.

"एकच!" तो जवळजवळ आनंदाने वळला. "दोन्ही अगदी एकच. म्हणजे बदललाच त्याने!"

तिने दुसऱ्या गिटारमधली केबल काढली.

"एकच कुठे? ही पहिली केवढी खणखणीत आहे, दात शिवशिवले माझे. दुसरी आपली कापडात गुंडाळल्यासारखी."

"पहिली कुठली?"

तिने डाग्याकडून आलेल्या गिटारकडे बोट केलं.

तीस वर्षं जी 'तुमची टणटण' याच्या पलीकडे गेली नाही, तिला आज एकाएकी एवढा कान कुठून आला?

"डाग्या तुझ्याशी बोललाय काही?"

"भावजी ना? परवा फोन होता." तिने केबलचं वेटोळं करायला घेतलं. "सहजच. तुम्ही कसे आहात, विचारत होते."

सहजच. म्हणजे दोघं मिळून… पण मिळून काय करतील? पिकअप पळवायला तिची काय गरज? त्याची नजर अ‍ॅम्प्लिफायरवर गेली. उंच सुरांचं बटण शेवटपर्यंत फिरलेलं. कोणी फिरवलं हे? मीच… पण कधी? मागच्या ध्वनिमुद्रणाला तो तंत्रज्ञ म्हणाला होता, "जरा कमी करा, कानाला टोचतंय," आणि मला वाटलं, पोराला काही कळत नाही. डाग्याने रेडिओ बंद केला, समोर येऊन बोलला… छे. डाग्यावर इतक्या स्वस्तात विश्वास ठेवायचा नाही. ओरखडा तर खराच आहे. की तोही जुनाच, मी आज पाहिलेला?

दाराशी पोहोचून ती वळली, काहीतरी म्हणाली. तिच्या भुवया वर गेल्या, म्हणजे प्रश्न असावा.

"हो," तो म्हणाला.

ती क्षणभर तशीच थांबली, मग आत गेली.

कशाला हो म्हटलं आपण? आणि ते किती सराईतपणे आलं तोंडातून—म्हणजे आजचं हे पहिलं नव्हे. मागे मुलीने फोनवर काहीतरी विचारलं होतं, बराच वेळ बोलत होती, आवाज रडवेला असावा. तेव्हाही आपण हो म्हणालो होतो. त्यानंतर तिचा फोन येतो तो तिच्या आईलाच… तेव्हा तिने काय विचारलं होतं?