घड्याळ बघायला आलेले दोघे

टॅबिथा ऑर्मरॉडला वेड्यांच्या घरात डांबून सात महिने झाले होते. तिचं वेड कोणतं, तर तिने माणसं बरोबर ओळखली. नवरा गेल्यावर हॅलिफॅक्समधलं घड्याळांचं दुकान ती एकटीने चालवत होती आणि ते तिच्या लेकाला, जोसायाला, हवं होतं. एक दिवस दोन गृहस्थ घड्याळ बघायला आले. घड्याळ राहिलं बाजूला, हिलाच विचारू लागले, झोप लागते का, भीती वाटते का.

"तुम्ही कसली गिऱ्हाईकं? डॉक्टर आहात," ती म्हणाली. "माझ्या लेकाने धाडलंय तुम्हाला."

होतेच ते डॉक्टर. त्यांनी तिच्या वेडाच्या दाखल्यात लिहिलं: दुकानात भेट घेतली असता, आम्ही मुलाने पाठवलेले डॉक्टर आहोत असा भ्रम आढळला. खाली दोघांनी सह्या ठोकल्या, त्याही नावापुढे 'डॉक्टर' लिहून. चोर तो चोर, वर शिरजोर!

आज तपासणीला मॅजिस्ट्रेट विगल्सवर्थ यायचे होते. सुटका त्यांच्याच हातात होती. सकाळी तिचे केस विंचरताना राखणदारीण केझाया म्हणाली, "गिऱ्हाईकं होती म्हणा आणि मोकळ्या व्हा, बाई. खरं बोलून काय पडलं पदरात?"

"अगं, पण डॉक्टर होते ते."

"ते इथं ठाऊक कोणाला नाही? हे वेड्यांचं घर चालवणाऱ्या मालकांनाही ठाऊक आहे."

साहेबांनी दाखला हातात धरून विचारलं, "ती दोन माणसं कोण होती?"

टॅबिथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सह्या साहेबांच्या अंगठ्याखालीच होत्या. तिने राग गिळला.

"गिऱ्हाईकं होती, साहेब. माझीच समजूत चुकली."

"छान." साहेबांनी नोंद केली: भ्रम गेला, सुटकेस योग्य. मालक लगेच वेडावरच्या गार पाण्याच्या अंघोळींचे गुण सांगू लागले.

"म्हणजे मी आता शहाणी?" तिने विचारलं.

"अगदी."

"माझा शब्द खरा धरणार?"

"अर्थात, बाई."

"मग शहाण्या बाईची तक्रार लिहून घ्या. ते दोघे डॉक्टरच होते. माझी भेट दुकानात घेतली असं त्यांनीच लिहिलंय. खालच्या सह्या वाचा."

साहेबांनी वाचल्या. पुन्हा वाचल्या. त्यांचे कान लाल झाले. मालक खिडकीबाहेर बघत राहिले. मग साहेबांनी टाक शाईत बुडवला आणि 'सुटकेस योग्य' ही नुकतीच केलेली नोंद खोडून टाकली.