आज मन घेत नाही

इसवी सन १९७५च्या मे महिन्यात, इराणातल्या यज्द शहरापासून तीन कोसांवरच्या एका गावी, शुक्रवारी सकाळी ही घटना घडली. दोनच महिन्यांपूर्वी बादशहाने देशातले सारे पक्ष मोडून स्वतःचा एकच पक्ष ठेवला होता.

रजबअली आणि त्याचा मुलगा यदुल्ला भूमिगत कालव्याचे खोदकरी. रजबअलीने चहा घेतला, कफनासारखा पांढरा वेश चढवला आणि कालव्यात उतरणाऱ्या विवराच्या तोंडाशी बसून मातीवर तळवा टेकला. माती ओलसर होती. तो उठला.

"आज मन घेत नाही."

पिढ्यान्‌पिढ्या या शब्दांपुढे कोणी कारण विचारीत नसे. खोदकरी घरी जाई, मालक गप्प राही. परंतु आज विवरापाशी पक्षाचे चिटणीस दिलावरी सभासदांची वही घेऊन उभे होते. दुपारच्या समारंभात पक्षकचेरीच्या हौदात पाणी खेळायलाच हवे होते आणि त्यासाठी कालव्यात तुंबलेला गाळ आजच काढायचा होता.

"मन घेत नाही? की पक्ष घेत नाही, उस्ताद?" दिलावरी हसले. "तुमची सहीही अजून व्हायचीय."

"दिलावरी आगा, सहीचं नंतर बघू. वरची माती सुटलीय."

"माती तर सगळ्या गावाचीच सुटलीय! कोण मनाने आहे अन् कोण नाही, ते शहरात कळवायचंय मला." त्यांनी रजबअलीच्या नावापुढे लिहिले आणि मोठ्याने वाचले, "नकार."

भोवतालचे लोक पायांकडे पाहू लागले. गेल्या महिन्यात असाच शेरा पडलेला शाळामास्तर अद्याप परतला नव्हता.

यदुल्ला पुढे आला. "खोडा ते. मी उतरतो."

"पाय टाकू नकोस! तुझी बायको पोटुशी आहे, गाढवा."

"बाबा, तुम्हाला नेल्यावर तिला काय सांगू? की माती ओली होती?"

त्याने सही केली, कंबरेला दोर बांधला आणि तो उतरला. दिलावरींनी शेरा खोडला. जिथे कारागिराच्या भीतीलाही राजद्रोह म्हणतात, तिथे शहाणपणाला उभे राहायला जागा कुठली?

घटकाभरात खालून जड, दबका आवाज आला. दोर एकदा ताणला गेला आणि सैल पडला. रजबअली ढासळलेल्या विवराच्या तोंडाशी पालथा पडून हातांनी माती उकरीत राहिला. बायका धावत आल्या. दुपारी देह वर आला तेव्हा यदुल्लाच्या तोंडात माती होती.

दिलावरी वही मिटून म्हणाले, "अपघात. अल्लाची मर्जी."

रजबअलीने मुलाच्या ओठांवरची माती पुसली. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "माझ्या पोराला तुमच्या पक्षाने मारलं."