गेटपर्यंतची फेरी

बर्फाची बादली, वर ओला टॉवेल.

मैदानाच्या मधोमध पडलेली एक चप्पल.

गेटकाकांचा चहा, त्यावर झाकलेली बशी.

शिट्टी.

एक हात, ज्याने नळी धरायला हवी होती.

टाळ्या.

मित्रांनो, या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तरी काही अर्थ लागत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या मनात त्या अशाच सुट्या पडून आहेत. मी एक जुना स्ट्रेचर आहे, घडी घालून भिंतीला टेकवून ठेवलेला. जमेल तसे सांगतो. सांगताना मागे-पुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या दोन लांब नळ्या, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या आणि मधे जाड हिरवे कापड. कापड शिवणारी बाई प्रत्येक स्ट्रेचरवर स्वतः एकदा आडवी व्हायची. शेजारच्या मशिनवरची तिला चिडवायची, की कामाच्या वेळात झोप काढायची बरी युक्ती शोधलीस. ही उठताना टाके चाचपायची आणि मगच धागा कापायची.

माझ्यावर पहिले वजन तिचे पडले. तेव्हापासून मी माणसांना वजनाने ओळखतो. घाबरलेला माणूस जड लागतो. हसू दाबणारा हलका लागतो, कारण तो स्वतःला थोडा तोलून धरतो. आणि ज्याने स्वतःला धरणेच सोडून दिले आहे त्याचे वजन वेगळे असते. ते मला फार उशिरा कळले.

मी एका कॉलेजात आलो, मुलींच्या फुटबॉल क्लबकडे. लेक्चर संपली की हौसेने खेळणाऱ्या मुली होत्या त्या. त्यांना कोच नव्हता, डॉक्टर तर नव्हताच. खेळाचे सर तेवढे होते. ते माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायचे, कापड झटकून उन्हात धरायचे. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा गुडघा सुजला, की मला बोलावणे यायचे. एकदा मोडलेल्या पायाच्या मुलीला मी इतके अलगद नेले, की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारले, हिला आणले कुणी? सरांनी माझ्याकडे बोट दाखवले. त्या दिवशी मी फुगलो होतो.

सरांनी मुलींना एक सराव शिकवला. कुणी उन्हात कोसळले, तर आधी तिला सावलीत ओढायचे. एकीने बादलीतले बर्फाचे पाणी तिच्या अंगावर ओतत राहायचे. एकीने फोन करायचा. एकीने गेटकडे धावून तिथल्या रखवालदार काकांना मोठे गेट उघडायला सांगायचे, म्हणजे दवाखान्याची गाडी आत येईल. आणि चौघींनी स्ट्रेचर धरायचा. सर बजावून सांगायचे, स्ट्रेचर सगळ्यांत शेवटी. मला त्याचा राग यायचा. मी शेवटी का?

सरावाला रुग्ण लागायचा. उचलायला सोपी म्हणून चिमणीला झोपवायचे. चिमणी म्हणजे संघातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी, पण पळायला लागली की कुणाच्या हाती लागायची नाही. तिची मोठी बहीण संघाची कप्तान होती. चिमणी तिला ताई म्हणायची, म्हणून सगळाच संघ तिला ताई म्हणायचा.

सर निवृत्त झाले. सराव हळूहळू झिजला. आधी फोन गेला, कारण खोटा फोन कुणाला करणार? मग गेटकडे धावणे गेले. बादली राहिली, पण पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला. मला उचलण्याचा भाग मात्र मुलींना आवडायचा. तेवढा उरला.

आणि त्याचा खेळ झाला.

सामना जिंकला, की चिमणी मैदानात धाडकन आडवी व्हायची. चौघी तिला माझ्यावर घालायच्या आणि खोटे रडत मैदानाला पूर्ण फेरी मारायच्या. बघणारे टाळ्या वाजवायचे. फेरी गेटपाशी संपायची. तिथे गेटकाका बशीखालचा चहा काढून तयारच असायचे. ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "कोण गेलं?" मुली ओरडायच्या, "समोरची टीम गेली!" मग चिमणी उठून बसायची आणि म्हणायची, की मेले नाही, नुसती भूक लागलीय. काका तिच्या हातावर एक बिस्किट ठेवायचे.

एरवी मी सामानाच्या खोलीत पडून असायचो. माझ्यावर ओल्या जर्सी वाळत असायच्या. माझी एक बिजागरी गंजली. पण मित्रांनो, खरे सांगतो, मला तो खेळ आवडायचा. चिमणीचे पोट हसू दाबताना थरथरायचे, ते कापडातून मला कळायचे. वळणावर पडू नये म्हणून ती गुपचूप माझी नळी घट्ट धरायची. ते फक्त मला माहीत होते.

अंतिम सामना संध्याकाळी ठरला होता. मैदान त्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी दिले गेले, म्हणून तो भर दुपारी घेतला. ऊन असे होते, की मला बाहेर आणणाऱ्या मुलीने नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

उत्तरार्धात चिमणीने समोरच्या संघाच्या मुलीला नेमका पास दिला. सगळ्या हसल्या. थोड्या वेळाने ती आपल्याच गोलकडे पळू लागली. ताईने तिला दंडाला धरून वळवले आणि विचारले, की आज डोकं घरी ठेवून आलीस का? चिमणी तिच्याकडे बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी. मग शिट्टी झाली. संघ जिंकला होता.

चिमणी मैदानात आडवी झाली.

कुणी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काय होते? ती दर वेळी तशीच पडायची. चौघींनी मला उघडले, तिला माझ्यावर घातले आणि उचलले. पुढचा उजवा दांडा ताईकडे होता.

कापड तापले. ऊन वरून येत होते, पण ही धग उन्हाची नव्हती. ती तिच्या अंगातून येत होती. तिचे पोट थरथरत नव्हते.

मुली रडण्याचे सोंग करत चालू लागल्या. आज अंतिम सामना, म्हणून त्या मुद्दाम हळू चालल्या. बाकड्यांवरचे लोक उभे राहिले. पहिले वळण आले. मी तिच्या हाताची वाट पाहिली. तो हात माझ्या नळीवर आला नाही. तो कडेवरून घसरला आणि खाली लोंबू लागला. बाकड्यांवरून कुणीतरी म्हणाले, की ही पोरगी नाटकात जायला हवी. टाळ्या वाढल्या. ताईसुद्धा हसली.

मला तोंड नाही. माझ्याकडे एक गंजलेली बिजागरी होती, ती मी जीव तोडून करकरली. मागची मुलगी म्हणाली, याला तेल द्यायला हवं.

गोलपोस्टजवळ झाडाच्या सावलीत बादली होती. आम्ही तिच्या अगदी शेजारून गेलो.

पूर्ण फेरी झाली. गेट आले. काकांनी बशी बाजूला केली आणि विचारले, "कोण गेलं?" मुलींनी ठरलेले उत्तर दिले. काकांनी बिस्किट पुढे केले.

चिमणी उठली नाही.

"ऊठ गं, गेट आलं," ताई म्हणाली. मग वाकून तिने तिच्या गालाला हात लावला. ताईचा आवाज बदलला. "काका, मोठं गेट उघडा."

काका हसले. म्हणाले, आज फारच रंगलंय तुमचं.

"काका, हसू नका."

मोठ्या गेटचे कुलूप कधीपासून उघडले नव्हते. किल्ली सापडली, पण फिरेना. फोन करायचा कुणी, हे चौघी एकमेकींना विचारत होत्या. राखीव मुलींपैकी एकीला बादली आठवली. ती मैदान तुडवत धावली, तिची चप्पल मधेच निसटली, ती थांबली नाही. बर्फ विरघळला होता, पाणी अजून गार होते. ते त्यांनी गेटपाशी चिमणीच्या अंगावर ओतले. ते माझ्या कापडातून गळत राहिले.

अखेर फोन लागला. गाडी आली, ती गेटबाहेर रस्त्यावरच उभी राहिली. उतरलेल्या माणसाने विचारले, की ही पडली केव्हा, आणि पाणी तेव्हाच का नाही टाकले?  गाडीतल्या माणसांनी चिमणीला त्यांच्या स्ट्रेचरवर घेतले. मी ओला तिथेच राहिलो.

ती वाचली नाही. ही बातमी मी सामानाच्या खोलीत ऐकली, दाराबाहेर दोन मुली बोलत होत्या तेव्हा. गेटकाकांनी त्यानंतर "कोण गेलं?" हे कुणालाही विचारले नाही.

बऱ्याच दिवसांनी ताई आली. एकटीच. तिने मला उघडले, बिजागरीला तेल दिले, कापडावरचा वाळलेला चिखल नखाने काढला. मग दर आठवड्याला ती संघाला सराव देऊ लागली. सावली, पाणी, फोन, गेट आणि शेवटी मी. कुणी हसले, तर ती रागवायची नाही. हसू थांबेपर्यंत उभी राहायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मोठ्या गेटचे कुलूप ती स्वतः उघडून बघायची.

आता ताईचे कॉलेज संपले आहे. नव्या मुली आल्या आहेत. गुणी आहेत, जोरात पळतात. परवा त्यांनी पहिला सामना जिंकला. त्यांच्यातली सगळ्यांत हलकी मुलगी माझ्यावर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले. कुणीतरी हसत हसत रडायला सुरुवात केली.

तिचे पोट थरथरत होते. या वेळी.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला शेवटी उचला. खेळायला जाताना आधी ठरवा, पाणी कोण ओतेल, फोन कोण करेल, गेट कोण उघडेल. आणि कुणी जमिनीवर पडले, तर ते नेहमीचेच नाटक वाटले तरी एकदा गालाला हात लावून बघा. हसू आले तरी बघा. मला सांगता येत नाही. मी फक्त करकरतो, आणि आता तर मला तेल दिले आहे.

त्या अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी बर्फ आणून बादली भरली होती ती चिमणीनेच.