काढू नको ठेवू

मंगळवार, दुपारचे चार वाजून बारा मिनिटे. डोंबिवली पूर्वेला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर सुशांतने संगणकावर एक फोल्डर निवडला आणि 'डिलीट' केलं. नक्की का, असं यंत्राने विचारलं. त्याने 'हो' दाबलं. सव्वाचारला मी उरले नव्हते.

मी एक थीम बोलतेय. वेबसाइटची थीम, म्हणजे तिचे कपडे समजा. बातम्या आणि लेख हे अंग. त्याला रंग, अक्षरं, मथळ्याची पट्टी मी नेसवते. कपडे बदलले तरी अंग तेच राहतं, म्हणून थीम काढून टाकताना कोणाचा हात अडखळत नाही. माझ्या वेळी अडखळायला हवा होता. घरातली शहाणी बाई जुनी साडी भांडीवालीला देण्याआधी तिच्या पदराची गाठ सोडून बघते. माझ्या पदराला गाठ होती, ती कोणी बघितली नाही.

मला घडवलं रसिकाने, कल्याणात, आपल्या मामासाठी. मामा म्हणजे दौलत. चाळीस वर्षं बातमीदारी केली, निवृत्त झाला, पण भांडायचं थांबला नाही. राहतो बाळकुमला आणि तिथून 'खाडीकाठ' नावाची बातम्यांची वेबसाइट चालवतो. स्वल्पविराम चुकला म्हणून त्याने एके काळी शिकाऊ बातमीदारांच्या बातम्या टराटरा फाडल्या आहेत. हे लक्षात ठेवा.

बाळकुममधून खाडीकडे जाणारी एक वाट होती. गावातली माणसं तिने मिठागरावर जायची. दोन वर्षांपूर्वी एका नव्या गृहसंकुलाची भिंत तिच्यावर आडवी उभी राहिली. गावाने ठाण्याच्या तहसील कार्यालयात तक्रार केली, तर बिल्डरचा वकील म्हणाला, इथे वाट कधी नव्हतीच. दौलतने लेखी जबाब गोळा केले, तर वकील म्हणाला, सगळ्यांवर अक्षर एकाच माणसाचं आहे. ते दौलतचंच होतं, कारण सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. वकिलाला हे माहीत होतं. तरी तो हसला.

तेव्हा दौलत घरोघर फिरला आणि एकोणीस म्हाताऱ्या माणसांचे आवाज त्याने फोनवर टिपले. त्यांतला काळुराम गेल्या श्रावणात गेला. आवाज तेवढा राहिला.

या फाइली जड होत्या. वेबसाइटच्या नेहमीच्या दारातून त्या आत जाईनात. मग रसिकाने त्या मागच्या दाराने आणल्या, दोन खिडक्यांच्या त्या सॉफ्टवेअरने. डाव्या खिडकीत आपला संगणक दिसतो, उजव्या खिडकीत दूरचा सर्व्हर. इकडची फाइल ओढून तिकडे सोडायची. तिने आवाज ओढले आणि माझ्याच फोल्डरात सोडले. म्हणाली, "तात्पुरते राहू दे इथे." आपल्याकडे तात्पुरते म्हणून ठोकलेले पत्रे पंधरा वर्षं हलत नाहीत. आवाजही हलले नाहीत. पुढे सुप्रभातच्या फुलांनी दौलतचा फोन भरला, तेव्हा त्याने फुलं ठेवली आणि जड म्हणून आवाज पुसले. वेबसाइटवर आहेतच की, म्हणाला.

साइट हळू उघडते, अशी वाचकांची ओरड होती. वकिलाच्या आक्षेपावर सुनावणी गुरुवारी अकराला ठरली होती आणि अधिकारी आवाज साइटवरूनच ऐकणार होते. म्हणून दौलतने सुशांतला गाठलं. तो रसिकाचा कॉलेजातला मित्र, साइटी दुरुस्त करतो. सुशांतने नवी चकचकीत थीम त्या मागच्या दाराने चढवली, चालू केली आणि दौलतला निरोप टाकला, "काका जुनी थीम काढू की ठेवू?"

दौलत तेव्हा खोपटच्या एसटी डेपोपाशी रस्ता ओलांडत होता. टाइप करायला सवड कुठली? त्याने फोनच्या तोंडाशी तोंड नेलं आणि ठणकावून सांगितलं, "काढू नको. ठेवू." फोनने ऐकलं ते लिहिलं. फोनला विरामचिन्हं कोण शिकवणार? डोंबिवलीत निरोप पोचला, "काढू नको ठेवू".

सुशांतने वाचलं, काढू, नको ठेवू.

उजव्या खिडकीतल्या सर्व्हरला कचरापेटी नसते. तिथून जे गेलं ते गेलं.

पाच वाजता दौलतने साइट उघडली. रूप देखणं होतं. आवाजांच्या पानावर मात्र एकोणीस वेळा एकच ओळ होती, फाइल सापडत नाही.

त्याने डोंबिवलीला फोन लावला. "सुशांत, वाट लावलीस रे माझी!"

"काका, तुम्हीच बोललात ना काढू? हा बघा ना मेसेज!"

दौलतने मेसेज पाहिला. पुन्हा पाहिला. मग इतकंच म्हणाला, "पोरा, तुझी चूक नाही. मी संपादक असतो तर मला आज कामावरून काढलं असतं."

सर्व्हरवाल्यांकडे रोजची नक्कल ठेवायची सोय होती. ती 'नंतर बघू' म्हणून घेतलेली नव्हती. दौलतने रसिकाला फोन लावला.

"मामा, थीमला हात लावण्याआधी मी तिची नक्कल डावीकडे उतरवते. गणपतीत मथळ्याचा रंग बदललेला, तेव्हाची असेल घरच्या लॅपटॉपवर. पण तो विनीतने दिवाळीत साफ केला."

"नवऱ्याला विचार. आत्ता विचार."

तिने लगेच विनीतला फोन लावला. तिकडून तो हसला. "तुझ्या फोल्डरला हात लावायची माझी हिंमत आहे का गं?"

मी होते. डावीकडे, कल्याणात, एका लॅपटॉपच्या कोपऱ्यात, जशीच्या तशी. उजवीकडची पुसली गेली ती मीच होते आणि ही बोलतेय तीही मीच. माणसांना हे विचित्र वाटेल. आम्हाला नाही. काळुराम माझ्याकडे होता. हौसाबाई मात्र नव्हत्या. त्यांचा आवाज गणपतीनंतर टिपला होता. एकोणीसपैकी अठरा.

बुधवारी सकाळी दौलत कल्याणला हजर. रसिकाने कामावरून सुट्टी घेतली होती. ती लॅपटॉपपुढे बसणार तोच त्याने खुर्ची ओढून घेतली.

"मामा, मी करते. पाच मिनिटांचं काम आहे."

"माझ्या तोंडाने गेलंय. माझ्या हाताने येईल. तू फक्त सांग."

चौसष्टाव्या वर्षी त्याने मला धरलं आणि डावीकडून उजवीकडे ओढायला लागला. पहिल्यांदा सोडलं ते नव्या थीमच्या पोटात. रसिका किंचाळली, "अहो मामा, कपाटात कपाट घातलंत! एक पायरी वर या." त्याने निमूट मला बाहेर काढलं आणि पुन्हा सोडलं. तीनशे चाळीस फाइलींपैकी दोनशे बारा गेल्या आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडली. आहे त्यावर लिहू का, असं यंत्राने विचारलं. बटण दाबण्याआधी दौलतने तो प्रश्न मोठ्याने दोनदा वाचला. बातमीची प्रुफं वाचायचा तसा.

शेवटची फाइल चढली. रसिका म्हणाली, "आता आधी हिला चालू करा. मग नवी काढा. उलट केलंत तर पान कोरं पडेल." त्याने मला चालू केलं. काळुरामच्या नावापुढचं बटण दाबलं आणि खोलीत तो घोगरा आवाज आला. रसिकाने तोंड फिरवलं. नवी थीम काढताना दौलतने तिचं नाव उच्चारलं, आपण कोणाला काढतोय हे रसिकाकडून वदवून घेतलं, मगच हो म्हटलं. बिचारी एक दिवस नांदली. तिच्या पदराला गाठ नव्हती, हे त्याने प्रत्येक फोल्डर उघडून पाहिलं होतं. एवढी काळजी माझ्या वाट्याला आली नव्हती. तरी मला तिचा हेवा वाटला नाही.

दुपारी तो बाळकुमला हौसाबाईंच्या दारात.

"आरं दौलत, परत? तवा सांगितला तो काय पाण्यात गेला?"

"गेला मावशी. माझ्याच चुकीने."

"मंग बस. चाय घे. आन् आज तो फोन नीट धर. त्या दिशी माज्या नाकात घालत होतास." मग पदर सावरून त्या बोलल्या, "लगीन होऊन आले तवा याच वाटंनं मिठागरावर गेले. डोक्यावर पाटी, पायात काय नाय. भिंत बांधनाऱ्याचा बाप तवा जल्मला पन नसंल."

ही फाइल संध्याकाळी दौलतने एकट्याने चढवली. कोणाला न विचारता. योग्य जागी.

गुरुवारी अकरा वाजता ठाण्यातल्या त्या कार्यालयात अधिकाऱ्यांनी मला उघडलं. वकिलाने आधीच सांगून टाकलं, की म्हाताऱ्यांच्या गप्पांना पुरावा म्हणत नाहीत. मग काळुराम बोलला. "पावसात वाट चिखलाची व्हायची. आमीच शिंपल्या टाकून भरायचो, दरसाल. भिंतीच्या बुडात खना. शिंपल्या लागतील."

वकील हसला नाही.

शनिवारी अधिकाऱ्यांसमोर भिंतीच्या बुडाशी खणलं. दोन फुटांवर शिंपल्यांचा थर लागला, हातभर जाड आणि सरळ खाडीच्या दिशेने गेलेला. वाट होती, असा शेरा कागदावर पडला.

आता मी पुन्हा उजवीकडे आहे. आवाज रसिकाने वेगळ्या जागी हलवले, तीन नकला तीन घरांत ठेवल्या. मी हलकी झालेय. उद्या मला काढलंत तरी माझी तक्रार नाही. मागणं इतकंच, की जुनं टाकण्याआधी त्याच्या पदराला हात लावून बघा, आणि ज्याला 'काढ' सांगताय त्याला फोन करून सांगा.

भिंत अजून उभी आहे. ती बांधायच्या परवानगीचा कागद दौलतने अर्ज करून मिळवला. त्यावर सही आहे. खाली नाव नाही, हुद्दा नाही, शिक्का नाही. ही सही कोणाची, असं त्याने लेखी विचारलं, त्याला सात महिने झाले. उत्तर आलेलं नाही.